न पाहता पारख : परदेशातून जुनी रेकॉर्ड मागवताना

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच अडचणीची आहेत. हवी ती रेकॉर्ड आपल्याकडे जुन्या बाजारात मिळत नाही, परदेशातल्या एखाद्या विक्रेत्याकडे ती दिसते, पण हातात घेऊन बघायची सोय नाही. मग त्याने लिहिलेल्या दोन ओळींवर किती भरवसा ठेवायचा? म्हणून या वेळी प्लेअर-दुरुस्तीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : सतारीच्या एका एलपीची मला कॉलेजच्या दिवसांपासून ओढ आहे. ती इंग्लंडमध्ये लेस्टरच्या विक्रेत्याकडे निघाली. एका बाजूला आलाप-जोड-झाला, दुसऱ्या बाजूला गत. वर्णनात ‘व्हीजी प्लस / व्हीजी’ एवढंच आहे आणि फोटो एकच. टपाल धरून चार हजारांच्या आसपास पडेल. पेन्शनीतून घ्यायची आहे. घेऊ का?
— एक निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : सर, फोटो एकच आहे ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. पण आधी ती अक्षरं समजून घेऊ.

तिरप्या रेघेच्या अलीकडचा शेरा रेकॉर्डचा, पलीकडचा कव्हरचा. ही पायऱ्यांची पद्धत ‘गोल्डमाइन’ या अमेरिकी मासिकाची. डिस्कॉग्जसारख्या मोठ्या ऑनलाइन बाजारात तीच चालते. वरून खाली मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस (व्हीजी म्हणजे व्हेरी गुड), व्हीजी, गुड प्लस, गुड आणि तळाला फेअर नि पुअर. मिंट म्हणजे कोरी. चाळीस-पन्नास वर्षांच्या रेकॉर्डला हा शेरा देणाऱ्याकडे मी सहसा जात नाही. व्हीजी प्लसवर बारीक रेघा असतात, पण ऐकताना त्यांचा त्रास होऊ नये अशी अपेक्षा असते. व्हीजी वाजवली की हळुवार जागांमध्ये खरखर कळते, आणि नखाला लागतील असे ओरखडेही असू शकतात. गुड पायरीची रेकॉर्ड न अडकता शेवटपर्यंत वाजते, त्यापलीकडे तिच्याकडून काही मागू नये. किमतीचा ढोबळ हिशोब असा, की निअर मिंट प्रत शंभर रुपयांना जात असेल तर व्हीजी प्लस पन्नासला, व्हीजी पंचविसाला, आणि गुड दहा-पंधराला. डिस्कॉग्जवर त्या-त्या रेकॉर्डच्या पानावर आधीच्या विक्रीच्या किमती दिसतात. तुमच्या चार हजारांतून टपाल वजा करा आणि त्या किमतींशी ताडून बघा.

विक्रेता इंग्लंडचा आहे हेही लक्षात घ्या. तिकडे ‘रेकॉर्ड कलेक्टर’ मासिकाची पद्धत जुनी आणि रुळलेली आहे. तिच्यात मिंटच्या खाली एक्सलंट येतं आणि त्याच्या खाली व्हेरी गुड. त्यांचं एक्सलंट साधारण अमेरिकी व्हीजी प्लसच्या जवळचं. त्यामुळे शेरा कोणत्या पद्धतीने दिलाय हे एका ओळीत विचारून घ्या. जपानी विक्रेते बहुधा ए, बी अशी अक्षरं लावतात आणि त्यांचा हात कडक असतो, असं मला नेहमी वाटत आलंय.

आता मुख्य गोष्ट. हा शेरा डोळ्यांनी दिलेला असतो. दुकानदारापुढे शेकडो रेकॉर्डचा ढीग असतो. तो एकेक काढतो, दिव्याखाली दोन्ही बाजू फिरवून बघतो आणि शेरा लिहितो. वाजवून बघायला त्याला वेळ नसतो, आणि त्यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही पैसे आवाजाचे देणार आहात. एकाच दर्जाच्या दोन रेकॉर्ड, एक कव्वालीची आणि एक सतारीच्या आलापाची, ऐकायला सारख्या नसतात. कव्वालीत टाळ्या, ढोलक, कोरस असतो, त्यात दहा ठिकाणी टक झालं तरी कान तिकडे जात नाही. सतारीच्या आलापात मींड संपत येते, तरफांच्या तारा मंद होत जातात, मागे तानपुरा तेवढा उरतो. तिथे एक टक झाली की सगळं गेलं.

एका ओरखड्याने किती नुकसान होतं ते आकड्यांत सांगतो, म्हणजे विक्रेत्याच्या वर्णनातला ‘एक छोटा ओरखडा’ किती छोटा ते कळेल. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. वीस मिनिटांच्या बाजूला सहाशे सदुसष्ट फेरे होतात आणि ते सगळे साडेआठ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यात बसवलेले असतात. एका सेंटिमीटरमध्ये ऐंशीच्या घरात. लेबलकडून कडेकडे गेलेला, नखाला लागणारा एक सेंटिमीटरचा ओरखडा सुई तितक्या वेळा ओलांडते. दर १.८ सेकंदाला टक, आणि हे सव्वादोन-अडीच मिनिटं चालू राहतं. तोच ओरखडा आडवा नसून खाचेच्या अंगाने, गोलाईत गेलेला असेल तर टक कमी होईल, पण सुई घसरून शेजारच्या खाचेत जाण्याची किंवा तिथेच घोटाळत राहण्याची भीती जास्त. म्हणून ओरखड्याच्या लांबीइतकीच त्याची दिशा विचारायची. तो पट्ट्यात कुठे आहे हेही विचारायचं. तुमच्या रेकॉर्डवर कडेच्या भागात आलाप आहे, त्यामुळे कडेचा ओरखडा मी चालवून घेणार नाही.

आत, लेबलजवळ, दुसरं संकट असतं. रेकॉर्डचा वेग ठरलेला, पण खाच आत जाईल तशी तिची गोलाई लहान होत जाते. कडेला सेकंदाला अर्धा मीटर खाच सुईखालून सरकते, लेबलजवळ जेमतेम एकवीस सेंटिमीटर. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. झिजलेल्या सुईने वाजलेली रेकॉर्ड आधी इथे खराब होते. सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डवर तिथे एखादं कमी प्रसिद्ध गाणं असतं आणि निभावून जातं. पण रागाच्या रेकॉर्डवर तिथे झाला असतो, सगळ्यात जलद, सगळ्यात दणदणीत भाग. चिकारीच्या तारांचा आवाज फाटून यायला लागतो, कर्कश होतो. ही झीज ओरखड्यासारखी दिसत नाही. चमकदार काळ्या पट्ट्यात आतल्या बाजूला राखाडी झाक दिसते, तीही तिरक्या उजेडातच. समोरून फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत ती लपते.

लेस्टरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्या संगीताच्या रेकॉर्ड तिकडे का निघतात ते कळलं की माल कसा असेल याचा अंदाज येतो. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना देश सोडायला लावला. त्यातले कितीतरी लेस्टरला स्थिरावले. आता घरातली जुनी पिढी जाते आणि त्यांच्या रेकॉर्ड बाजारात येतात. या घरांतल्या रेकॉर्ड प्रेमाने ऐकलेल्या असतात, म्हणजेच भरपूर वाजलेल्या. त्या बहुधा रेडिओग्रामवर (रेडिओ आणि रेकॉर्ड-प्लेअर एकत्र असलेल्या पेट्यांवर) वाजल्या, ज्यांचा आर्म रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजन टाकायचा. आजचे चांगले प्लेअर दीड-दोन ग्रॅमवर चालतात. काही रेडिओग्रामच्या हेडला दोन सुया असत, एका बाजूला एलपीची, दुसऱ्या बाजूला ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तव्यांची. खटका चुकीच्या बाजूला राहिला की एलपीवर जाड सुई फिरायची. उलट साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या वर्ल्ड पॅसिफिक, नॉनसच अशा कंपन्यांनी काढलेल्या आपल्या वादकांच्या रेकॉर्ड तिकडच्या श्रोत्यांनी हौसेने घेतल्या आणि पुष्कळदा थोड्या वेळा ऐकून कपाटात ठेवल्या. तीच ध्वनिमुद्रणं दोन्हीकडे असतील तर मी ही दुसरी प्रत आधी शोधतो.

तेव्हा सर, विक्रेत्याला साध्या, नम्र भाषेत लिहा. रेकॉर्ड वाजवून बघितली आहे का? नसेल तर पहिल्या बाजूची सुरुवातीची दोन मिनिटं आणि शेवटची पाच मिनिटं वाजवून मोबाइलवर व्हिडिओ पाठवता येईल का? नखाला लागणारा ओरखडा आहे का, असेल तर कुठे? फिरताना रेकॉर्ड वर-खाली होते का? आणि खोलीतला एकच दिवा लावून, रेकॉर्ड तिरपी धरून दोन्ही बाजूंचा एकेक फोटो, शिवाय लेबलचा जवळून एक. लेबल मी मुद्दाम मागतो. मधल्या भोकाभोवती बारीक रेघांचं जाळं दिसलं तर रेकॉर्ड दांडीवर चाचपडत पुष्कळदा चढवली गेली आहे. लेबल स्वच्छ असेल तर ती कमी वाजली असण्याची शक्यता बरीच. मोबाइलच्या आवाजात बारीक खरखर गळून जाते हे खरं, पण टक, घसरणं आणि झाल्यातला फाटका आवाज त्यातही कळतो.

जो विक्रेता एवढं करतो त्याच्याकडून चार हजारांना बिनधास्त घ्या. ‘फोटोत दिसतंय तेच’ असं उत्तर आलं तर थांबा. कव्हर व्हीजी आहे त्याची मात्र काळजी करू नका. कोपरे दबलेले, शिवण थोडी उसवलेली, वर कुणाचं नाव लिहिलेलं, एवढंच असतं ते. तुम्ही ऐकणारे आहात, आणि कव्हरचा शेरा खालचा असल्यामुळेच ती तुम्हाला परवडते आहे.

प्रश्न : जर्मनीहून मागवलेली शहनाईची रेकॉर्ड आली. आरशासारखी चकाकते, एक ओरखडा नाही. पण लावली की सतत ‘शूऽऽ’ असा आवाज. दोनदा धुतली, फरक शून्य. विक्रेत्याने फसवलं का?
— नांदेडहून एक वाचक

उत्तर : दादा, विक्रेत्याला लिहिण्याआधी आपल्या घरची सुई तपासा. जिचा आवाज तुम्हाला पाठ आहे अशी दुसरी रेकॉर्ड लावा. तीही तशीच वाजली तर दोष सुईचा. हिऱ्याची सुई पाचशे ते हजार तास टिकते, जुन्या एचएमव्ही फिएस्टासारख्या प्लेअरमधली नीलमची त्याहून पुष्कळ कमी. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या प्लेअरपैकी बऱ्याच जणांची सुई शेवटची कधी बदलली हे मालकाला आठवतही नाही.

दुसरी रेकॉर्ड स्वच्छ वाजली तर मग आवाज कसा आहे ते ऐका. धूळ-मातीची खरखर तुटक असते, कुठेही, केव्हाही, आणि धुतल्यावर कमी होते. झीज असेल तर शांत जागी काही कळत नाही, वरचा सूर लागला की आवाज फाटतो. तुमचं वर्णन या दोन्हींत बसत नाही. सतत चालणारा ‘शूऽऽ’ (तो बहुधा फेऱ्यागणिक थोडा वाढतो-कमी होतो) आणि वर चकाकी, यात मला प्लास्टिकच्या पिशवीचा संशय येतो. युरोपात आणि जपानमध्ये पूर्वी मऊ पीव्हीसीच्या जाड, पारदर्शक पिशव्या वापरत. त्यांना मऊ ठेवणारं तेलकट रसायन वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडतं आणि रेकॉर्डच्या पृष्ठभागावर चढतं. उन्हाकडे पाठ करून रेकॉर्ड तिरपी धरा आणि चकाकीत कुठे धुरकट, ढगाळ ठिगळ दिसतं का ते बघा. पुष्कळदा त्याला पिशवीच्या सुरकुतीचा किंवा काठाचा आकार असतो. ते दिसलं तर आणखी धुण्यात वेळ घालवू नका, हा डाग पाण्या-साबणाने जात नाही.

विक्रेत्याला हे माहीत असेलच असं नाही. त्याने डोळ्यांनी बघितली आणि ती खरंच सुंदर दिसत होती. शांतपणे लिहा, ढगाळ भागाचा फोटो आणि आवाजाचा व्हिडिओ जोडा, आणि त्या संकेतस्थळाच्या तक्रारीच्या मुदतीत लिहा. परत पाठवायचं टपाल पुष्कळदा रेकॉर्डपेक्षा महाग पडतं, तेव्हा थोडी रक्कम परत मागणं दोघांनाही सोयीचं. मात्र हे सगळं शक्य होतं ते पैसे संकेतस्थळामार्फत भरले असतील तरच. ‘थेट पाठवा, स्वस्त देतो’ असं म्हणणाऱ्याला कुणीही थेट पैसे पाठवू नयेत. यापुढे मागवताना पिशवी कसली आहे हेही विचारत जा.

प्रश्न : सीलबंद, कधीच न उघडलेली रेकॉर्ड अमेरिकेत दिसते आहे. ती तरी डोळे मिटून घ्यावी ना?
— परभणी

उत्तर : नाही, ताई. कव्हरवरचं घट्ट प्लास्टिक वर्षानुवर्षं आवळत जातं आणि आतली रेकॉर्ड वाकते. शिवाय बंद असल्यामुळे विक्रेत्यालाही आत काय आहे ते ठाऊक नसतं, आणि जुनी रेकॉर्ड नव्या प्लास्टिकमध्ये बंद करायचं यंत्र कुणालाही विकत मिळतं. कव्हरचा कोपरा कापलेला किंवा काठाला करवतीची खाच दिसली तर घाबरू नका. न खपलेला माल कंपन्या तशी खूण करून स्वस्तात काढत, आतली रेकॉर्ड कोरीच असते. पण सीलसाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा उघडलेली, वाजवून बघितलेली निअर मिंट घ्या.

प्रश्न : आजोबांकडे नाट्यसंगीताच्या तव्यांचा संच होता. त्यातला बालगंधर्वांचा एक वाड्याची भिंत पडली तेव्हा फुटला. तसाच तवा नेदरलँड्समधल्या एका संग्राहकाने विकायला काढला आहे. शेरा फक्त ‘व्ही’ आहे, पुढे ‘लॅम’ आणि ‘नॅप’ असं काहीतरी लिहिलं आहे. वडील आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना तो ऐकवायचा आहे. काका, तो धड येईल का?
— जालन्याहून एक वाचक

उत्तर : बाळा, येईल, पण बांधणी तुला सांगून करून घ्यावी लागेल. आधी शेरा समजून घे. ७८च्या तव्यांना एलपीची मोजपट्टी लावायची नाही. तिथे जुन्या जॅझ-संग्राहकांच्या ‘विंटेज जॅझ मार्ट’ मासिकाची पद्धत बरेच जण पाळतात. एन म्हणजे नवा, मग ई, व्ही, जी, एफ, पी. त्यातला ‘व्ही’ म्हणजे सगळीकडे सारखा, मध्यम झिजलेला, पण छान ऐकता येईल असा तवा. वडिलांना ऐकवण्यासाठी तो पुरेसा आहे. ‘नॅप’ म्हणजे दोष आहे पण वाजण्यावर परिणाम नाही. ‘लॅम’ म्हणजे वरच्या थराला गेलेली बारीक चीर. काही तवे, विशेषतः कोलंबियाचे, मधे वेगळा गाभा आणि वरून लाखेचा थर असे बनत, त्यांच्यात ही चीर दिसते. ती वरवरची असते. घाबरायचं ते आरपार गेलेल्या केसासारख्या तड्याला. त्याचा आवाज एलपीच्या ओरखड्यापेक्षा घाईचा, कारण ७८चा एक फेरा पाऊण सेकंदात होतो.

आरपार तडा डोळ्यांना चुकतो, कानाला चुकत नाही. आपण माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघतो तसंच. तव्याच्या मधल्या भोकात बोट घालून तो लोंबता धरायचा आणि कडेवर पेराने अलगद टिचकी मारायची. अखंड तवा खणकतो, तडा गेलेला बद्द बोलतो. विक्रेता संग्राहक आहे, त्याला हे नवीन नसेल. टिचकीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांग.

मग झीज. लोखंडी सुईच्या जमान्यात प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती. तव्याच्या लाखेत दगडाची भुकटी मिसळलेली असे, ती सुईचं टोक घासून खाचेला बसेल असं करायची. घरोघरी काटकसर म्हणून एकच सुई दहा-दहा बाजूंना चालवली जाई, आणि मग ती घासलेली सुई खाच कोरायची. हे कुठे दिसतं माहीत आहे? जिथे गायकाने आवाज मोकळा सोडला तिथे. तार षड्जाला, तानेच्या टोकाला खाच सगळ्यात जास्त हलते, आणि बोथट सुईने तिथलीच भिंत खाल्लेली असते. काळ्या तव्यावर राखाडी पट्टा दिसला तर नेमक्या त्या जागी गाणं भरडलेलं असणार. नाट्यसंगीताचा सगळा जीव त्या जागांमध्ये, म्हणून राखाडी पट्टा आहे का आणि तो किती रुंद, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नकोस. कडेचा कपचा मात्र खाचेपर्यंत गेला नसेल तर सोडून दे.

लेबलचाही फोटो माग. लोकप्रिय तवे कंपन्या वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापत, लेबलाचं रूप बदलत जाई. पहिल्या छपाईला संग्राहक जास्त पैसे देतात. तुला तो ऐकायचा आहे, तर नंतरची, कमी झिजलेली प्रत मिळाली तरी आनंदाने घे.

बांधणीबद्दल हे असंच्या असं लिही: तवा कागदी पाकिटात, दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठे, एका पुठ्ठ्याच्या नाल्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, पुठ्ठे तव्यापेक्षा चारी बाजूंनी मोठे आणि टेपने घट्ट. तो गठ्ठा एका खोक्यात, आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मधे सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर भरण. हलवलं तर आत काही सरकता कामा नये. या कामाचे जास्त पैसे मागितले तर दे. लाखेचा तवा काचेइतकाच ठिसूळ असतो, आणि नेदरलँड्सहून जालन्यापर्यंत तो कितीदा आदळेल ते आपल्या हातात नाही.

आला की दोन गोष्टी. स्पिरिटने, सॅनिटायझरने किंवा अल्कोहोल असलेल्या कुठल्याही द्रवाने पुसू नकोस. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतात, आणि तुझा तवा त्याच लाखेचा आहे. साध्या पाण्यात साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड, लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच टिपून घ्यायचं. दुसरं, प्लेअरला ७८ची वेगळी सुई लाव. एलपीच्या सुईचं टोक साधारण अठरा मायक्रॉनचं, ७८ला पासष्ट ते पंचाहत्तर लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाला घासत जाते, सगळा कचराच ऐकू येतो आणि वडील म्हणतील हा तो तवा नव्हे. जालन्यात सुई मिळाली नाही तर मला कळव, कुठल्या हेडला कुठली बसेल ते सांगतो.

प्रश्न : प्रल्हाद शिंदे यांच्या भीमगीतांच्या जुन्या कॅसेटी लंडनच्या एका माणसाकडे आहेत. आमच्या वस्तीतल्या कॅसेटी केव्हाच गेल्या. मागवताना काय बघावं?
— हिंगोलीहून एक कार्यकर्ता

उत्तर : भाऊ, नक्की मागवा, या कॅसेटी जपल्या गेल्या पाहिजेत. एकदा विकत घेऊन गल्लीभर फिरलेल्या, जयंतीच्या लाउडस्पीकरवर घासल्या गेलेल्या या कॅसेटी आपल्याकडे धड अवस्थेत फार क्वचित सापडतात. कॅसेटच्या पुढच्या उघड्या बाजूला मधोमध नमद्याचा छोटा तुकडा असतो, पितळी पट्टीवर चिकटवलेला. टेपला हेडवर दाबून धरणं हे त्याचं काम. जुन्या कॅसेटींचा डिंक वाळतो आणि तुकडा पडतो. मग आवाज दबका आणि कापरा येतो. त्या जागेचा जवळून फोटो मागा. शिवाय दोन्ही बाजू एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मागे गुंडाळून बघायला सांगा. सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीचा जोड सुटला असेल तर तेव्हाच कळेल. घरी आल्यावर पहिल्यांदाच वाजवताना ती संगणकावर उतरवून घ्या. कव्हरचा कागदही स्कॅन करा, त्यावर गीतकाराचं आणि कोरसमधल्यांचं नाव असतं आणि ते दुसरीकडे कुठे सापडेलच असं नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये मागवलेली एलपी मे महिन्यात आली ती बशीसारखी वाकून. विक्रेता म्हणतो, मी सपाट पाठवली. वर कस्टम्सचे पैसेही भरले. पुढच्या वेळी काय करू?
— धाराशिव

उत्तर : विक्रेता खरं बोलत असण्याची शक्यता मोठी आहे. एलपीचं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच बेचाळीस-त्रेचाळीस असतं. पत्र्याच्या शेडखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत पार्सल दुपारभर राहिलं, वर दुसरं ओझं असलं, की रेकॉर्डला बाक येणारच. म्हणून मराठवाड्यात राहणाऱ्याने परदेशातून रेकॉर्ड दसऱ्यानंतर मागवावी आणि फेब्रुवारीच्या आत घरात घ्यावी. उन्हाळ्यात आवडती रेकॉर्ड दिसलीच तर पैसे भरून विक्रेत्याला सांगा की ती ऑक्टोबरात पाठव. बरेच जण ठेवून घेतात. मात्र तक्रारीची मुदत तोवर संपणार नाही ना, हे आधी बघा.

आणखी एक सूचना प्रत्येक वेळी लिहायची: रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या पाकिटासकट कव्हरच्या मागे ठेवा. आतच ठेवली तर प्रवासात तिची कड कव्हरची शिवण फाडते. पार्सल आल्यावर ते लगेच वाजवायला घेऊ नका. पंख्याखाली सावलीत तास-दोन तास राहू द्या, मग उघडा, आणि उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून रेकॉर्ड बाहेर येईपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा. वाकलेली किंवा फुटलेली निघाली तर विक्रेत्यापुढे आणि टपालापुढे तोच पुरावा चालतो.

कस्टम्स नुसत्या मालाच्या किमतीवर लागत नाही. किंमत, टपालखर्च आणि विमा मिळून जी रक्कम होते तिच्यावर तो मोजतात. कुरिअर कंपनी वरून स्वतःचा आकार लावते, आणि कार्डाने परकीय चलनात पैसे भरले की बँक साधारण दोन ते साडेतीन टक्के घेते. हे सगळं आधी मांडून मगच रेकॉर्ड स्वस्त की महाग ते ठरवा. टपालाचा मोठा भाग पहिल्याच रेकॉर्डला जातो, म्हणून एकाच विक्रेत्याकडून दोन-तीन एकदम घेतल्या तर प्रत्येकी खर्च बराच उतरतो. किंमत कमी लिहून पाठव किंवा भेटवस्तू म्हणून पाठव, असं विक्रेत्याला सांगू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर विमाही त्या कमी लिहिलेल्या किमतीचाच मिळतो.

तुमची वाकलेली रेकॉर्ड फेकू नका. सुई उडत नसेल आणि आवाज डुलत नसेल तर बाक राहू दे, ऐका. दोन काचांमध्ये घालून उन्हात ठेवायचा उपाय मोबाइलवर फिरतो, तो करू नका. आपल्याकडच्या उन्हात रेकॉर्ड सपाट होता होता खाचाही बसतात, आणि मग ती कुठल्याच सुईने नीट वाजत नाही. काचांमध्ये घालून, वर पुस्तकांचं सारखं ओझं ठेवून, घरातल्या थंड खोलीत काही आठवडे राहू द्या. हलका बाक असेल तर त्याने थोडा उतरतो.